कॅमेऱ्याचे न्हाणेमाखणे

डिजिटल कॅमेऱ्याची बॉडी बाहेरून आणल्यावर कशी स्वच्छ करावी, याचे नियम कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत पान-दीड पानात आटोपलेले असतात. मऊ, कोरड्या कापडाने पुसावे. थिनर, बेन्झिन वापरू नये. वाळू, मीठ आणि धूळ यांपासून दूर ठेवावे. दमट जागी ठेवू नये. हे नियम रत्नागिरीत वाचणाऱ्यापुढे एवढाच प्रश्न उरतो, की मग कॅमेरा ठेवावा कुठे? शहरात वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने समुद्र खारा वारा पुरवतो, कातळाचे सडे तांबडी धूळ पुरवतात आणि फाल्गुनात गुलालाची सोय होते. पुस्तिकेचा लेखक यांपैकी कोणाच्याच वाटेला गेलेला नसावा.

तरीही रत्नागिरीत कॅमेरे पुष्कळ आहेत आणि बरेचसे चालतातही. जे चालत नाहीत त्यांची चौकशी केली तर असे कळते, की कित्येकांचा घात घाणीने नव्हे, साफसफाईने केलेला आहे. कोकणी घराला पुसण्याची जात्याच आवड. ओटी पुसायची, देव्हारा पुसायचा, चष्मा पुसायचा आणि त्याच ओघात कॅमेराही पुसायचा. पण कॅमेऱ्याच्या बाबतीत पुसणे ही शेवटची पायरी आहे. ती पहिली केली की पुढच्या सगळ्या पायऱ्या दुरुस्तीच्या दुकानाच्या असतात.

पुसण्याआधी अंगावर नेमके काय बसले आहे ते ओळखावे लागते, कारण एका घाणीवरचा उपाय दुसरीवर अपाय ठरतो. यांत मीठ सगळ्यांत कपटी, कारण ते दिसत नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. लाट खडकावर फुटली की तिचे बारीक तुषार वाऱ्यावर चढतात, वाटेत त्यांतले पाणी उडून जाते आणि मीठ पुढचा प्रवास चालू ठेवते. म्हणून मांडवीच्या जेटीवर पाण्यापासून चांगले लांब उभे राहून ‘एक थेंब अंगावर घेतला नाही’ असे सांगणाऱ्याच्या कॅमेऱ्यावरही सूर्यास्तापर्यंत मिठाचा पातळ थर बसलेला असतो. बोट फिरवले की चिकचिक लागते. ती घामाची आहे असे ठरवून माणूस बोट शर्टाला पुसतो आणि विषय मिटवतो.

विषय तिथे मिटत नाही. मीठ हवेतले पाणी ओढते. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की साध्या मिठाचे आपोआप पाणी होऊ लागते. कोकणातल्या कुठल्याही स्वयंपाकघरातली मिठाची बरणी याची साक्ष देईल. कॅमेऱ्यावरचे मीठही तेच करते. रात्री ओले होते, दुपारी वाळते आणि प्रत्येक खेपेला स्क्रूंच्या डोक्यांत, बॅटरीच्या झाकणाच्या बिजागरीत, फ्लॅश बसवायच्या हॉट शूच्या पट्ट्यांत थोडे आणखी आत सरकते. पुढे ते धातूचे काय करते हे पाहायचे असेल तर मिऱ्याच्या किनाऱ्याचे उदाहरण आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात ‘बसरा स्टार’ नावाचे जहाज तिथे येऊन अडकले आणि पुढे काही वर्षे जागच्या जागी गंजत राहिले. त्या जहाजाचा फोटो काढला नाही असा हौशी छायाचित्रकार रत्नागिरीत शोधावा लागेल. उतरत्या उन्हात गंजाचे रंग कसे खुलतात याची चर्चा करत मंडळी घरी जात आणि कॅमेरे न पुसता कपाटात ठेवून देत.

मिठावर उतारा एकच, आणि तो म्हणजे साधे पाणी. स्पिरिटने पुसले की कॅमेऱ्याला दवाखान्याचा वास येतो, त्यामुळे काहीतरी शास्त्रशुद्ध झाल्याचे समाधान मिळते. परंतु मीठ स्पिरिटात जवळजवळ विरघळतच नाही, ते फक्त एका बाजूचे दुसऱ्या बाजूला जाते. स्वच्छ सुती किंवा मायक्रोफायबर कापड गोड्या पाण्यात भिजवून, एकही थेंब गळणार नाही इतके पिळून घ्यावे आणि बॉडीवरून हलकेच फिरवावे. पाणी पिण्याचे असावे. किनाऱ्याजवळच्या कित्येक विहिरींचे पाणी मचूळ असते. त्याने कॅमेरा पुसणे म्हणजे मीठ काढून मीठ लावणे. लगेच कोरड्या कापडाचा हात. हे सारे त्याच रात्री व्हावे. ‘आता दमलोय, उद्या करू’ हे वाक्य भाट्याच्या किनाऱ्यावरून परतताना पुलावरच उच्चारले जाते आणि मिठाला पुढचे आठ तास मोकळे मिळतात.

ओल्या कापडाचा हा प्रयोग मात्र वाळू निघाल्याखेरीज करायचा नाही. वाळूतला मुख्य खनिज भाग बहुधा क्वार्ट्‌झ. खनिजांच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर क्वार्ट्‌झ ७ वर आणि बहुतेक काचा त्याच्याखाली, साडेपाच-सहाच्या आसपास. तेव्हा वाळूचा कण काचेवर घासला तर चरा कोणावर पडणार हे आधीच ठरलेले आहे. तरी किनाऱ्यावर दर संध्याकाळी एक विधी चाललेला दिसतो. माणूस कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहतो, त्यावर तोंडाने वाफ सोडतो, टी-शर्टचे टोक धरतो (याच टी-शर्टने तो मघाशी वाळूत पालथा पडला होता) आणि गोल गोल घासतो. पडदा क्षणभर लख्ख दिसतो. घरी ट्यूबलाइटखाली धरला की त्या गोलांची नक्षी उमटलेली दिसते आणि कंपनीने हल्ली माल हलका लावायला सुरुवात केल्याचा निष्कर्ष निघतो.

रत्नागिरीच्या वाळूत आणखी एक मेख आहे. शहरालगत पांढऱ्या वाळूचा किनारा आहे तसा मांडवीचा काळ्या वाळूचाही आहे. ही काळी वाळू इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट या लोहयुक्त खनिजांची. मॅग्नेटाइट चुंबकाला झट्‌दिशी चिकटते, इल्मेनाइट जरा आढेवेढे घेते. जुन्या स्पीकरचे चुंबक या वाळूत बुडवून वर काढले की त्याला दाढी फुटते. शाळकरी मुलांचा हा आवडता खेळ. डिजिटल कॅमेऱ्याच्या मालकाला तो तितकासा आवडू नये, कारण कॅमेऱ्यातही चुंबके असतात. आवाजाच्या छोट्या स्पीकरमध्ये, लेन्सच्या मोटरमध्ये, आणि हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणाऱ्या बॉडीत तर सेन्सर धरून ठेवणाऱ्या यंत्रणेतच. पांढरी वाळू कॅमेऱ्यात चुकून शिरते. काळीला आत ओढून घेणारे कोणीतरी असते. मांडवीला लेन्स बदलायची हौस त्यामुळे आवरती घ्यावी. बदलायचीच तर गाडीच्या बंद काचांआड, कॅमेरा बंद करून, तोंड खाली धरून.

तांबड्या धुळीचा पत्ता वेगळा. ती जांभ्याची, म्हणजे लोहाच्या गंजानेच रंगलेली, आणि पिठाहून बारीक. ती गोळा करण्याची उत्तम ठिकाणे म्हणजे उक्षी, जांभरुण, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू इथले सडे, जिथे कातळावर प्राचीन माणसांनी चित्रे खोदून ठेवली आहेत. कोकणची ही कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली आणि तेव्हापासून सड्यांवरची वर्दळ वाढली. कातळशिल्पाचा फोटो काढणे सोपे नाही. ते जमिनीतच असते, खोदकाम उथळ असते, आणि भर दुपारी सपाट कातळाखेरीज काही दिसत नाही. सकाळी किंवा संध्याकाळी तिरके ऊन पडले की रेषा उठून येतात. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब असल्याने तो उभ्याने चौकटीत मावत नाही. मग कोणी काठीच्या टोकाला कॅमेरा बांधून उंच धरतो, कोणी उलट रेषांची खोली दाखवायला कातळावर पालथा पडतो. देवाच्या गोठण्याला कातळशिल्पाजवळ होकायंत्राची सुई भलतीकडेच वळते. तो चमत्कार सगळे आलटून पालटून पाहत असताना कॅमेरे जमिनीवर ठेवलेले असतात.

ही धूळ कोरडी असताना ब्रशने अगदी सहज निघते आणि ओले फडके लागले की गिलावा होऊन सांध्यांत बसते. हाताच्या पकडीचे रबर, चाकांचे दाते, बटणांच्या भोवतीची चीर या तिच्या राखीव जागा. ब्रश मऊ आणि नवा हवा. घरात ब्रश म्हणून जे काही सापडते त्यात आजोबांच्या दाढीचा ब्रश असतो, त्याच्या मुळाशी साबण वाळलेला असतो; मेकअपचा असतो, त्यात पावडर असते; आणि भिंतीच्या रंगाचा असतो, त्याबद्दल बोलायला नको. दुकानातून एक नवा कोरा मऊ ब्रश आणावा आणि त्याच्यावर नाव घालून तो लपवावा, कारण नवा ब्रश घरात दिसला की चकलीच्या सोऱ्यापासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यांना त्याची गरज भासते.

गुलालाचे प्रकरण फाल्गुनापुरते, पण जोरकस. शिमग्याला गावोगावी पालख्या निघतात. शहरात बारा वाड्यांचे ग्रामदैवत श्री देव भैरी याची पालखी निघते. पालखी नाचवतानाचा फोटो पाच-सहा हातांवरून घेतलेला असला तर तो मिळमिळीत दिसतो, म्हणून छायाचित्रकार पालखीच्या खाली घुसतो आणि वरून मूठभर गुलाल थेट त्याच्यावर येतो. त्यात कोणाचा काही दोष नसतो; देवाच्या पालखीसमोर यंत्र वेगळे आणि माणूस वेगळा असा भेद होत नाही. पिठूळ गुलाल घामाच्या किंवा पाण्याच्या संपर्कात आला की लगदा होतो, म्हणून तो निघेपर्यंत पाण्याचा संबंध येऊ द्यायचा नाही. लेन्स मागेपुढे सरकवू नये, बटणे दाबू नयेत, बॅटरीचे झाकणसुद्धा उघडू नये. आधी सगळे झटकावे. खरा उपाय शिमग्याआधीचा आहे: कॅमेऱ्यावर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी ओढून लेन्सपाशी रबरबँड लावावे. पिशवी घातलेला कॅमेरा रुबाबदार दिसत नाही, आणि शिमग्याला बाकी कोणीही रुबाबदार दिसत नसल्याने हे सहन होते.

आता प्रत्यक्ष कृती. कॅमेरा बंद करावा. लेन्स बॉडीवरच राहू द्यावी. ती काढली तर बाहेरची घाण आत जायला दार उघडते. टेबलावर पांढरा पंचा अंथरावा, म्हणजे काय आणि किती पडले ते दिसते, आणि निसटलेला बारीक रबरी तुकडाही सापडतो. पंखा बंद. मे महिन्यात ही अट सर्वांत जड जाते. मग कॅमेरा तिरका धरून हवा मारायची.

ही हवा तोंडाची नसावी. फुंकर हा आपल्याकडे दुधाच्या सायीपासून लेकराच्या खरचटलेल्या गुडघ्यापर्यंत चालणारा उपाय. पण तोंडची हवा ओली असते आणि तिच्याबरोबर थुंकीचे शिंतोडे जातात. माशांचे जेवण होऊन वर पान लावलेले असेल तर शिंतोड्यांना रंगही येतो. हवा मारायला रबरी फुग्याचा ब्लोअर मिळतो, हातात दाबला की कोरडी हवा सोडणारा. याच्या पुढची पायरी म्हणून काही उत्साही मंडळी पंक्चरच्या दुकानात जाऊन कॅमेऱ्यावर कॉम्प्रेसरची हवा मारून घेतात. त्या हवेचा दाब ट्रकच्या टायरला साजेसा असतो, तिच्यात पाण्याचा आणि तेलाचा अंश असतो, आणि ती धूळ बाहेर काढत नाही तर रबरी सील ओलांडून आत नेऊन ठेवते. डब्यातली दाबलेली हवाही जपून वापरावी. डबा वाकडा झाला की हवेऐवजी आतले थंडगार द्रव बाहेर येते.

हवेनंतर ब्रश, ब्रशनंतर ओलसर कापड, शेवटी कोरडे कापड. क्रम एवढाच. दृश्यदर्शकाचे रबर निघत असेल तर काढून वेगळे धुवावे, त्याच्या खोबणीत वाळूला कायमचे घर मिळालेले असते. बॅटरी आणि कार्डाची झाकणे बाहेरून स्वच्छ झाल्यावरच उघडावीत आणि आतल्या सोनेरी टोकांना बोट लावू नये. शाळेच्या खोडरबराने ती घासायचा सल्ला देणारे काका सर्वत्र भेटतात, पण त्या टोकांवरचा सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो आणि रबराचा चुरा आत राहतो तो वेगळाच. डास पळवणाऱ्या ज्या मलमांत डीईईटी हे रसायन असते ती हाताला लावून कॅमेरा धरला तर काही जातींचे प्लास्टिक आणि रबर मऊ पडते. संध्याकाळच्या खाडीकाठी डास आणि सूर्यास्त एकाच वेळी येतात, तेव्हा मलम लावणारा आणि फोटो काढणारा हात वेगळा ठेवण्याची कसरत करावी लागते.

सेन्सरकडे शेवटी वळावे, आणि जमल्यास वळूच नये. त्यावर खरोखर धूळ आहे की नाही ते आधी पाहावे. लेन्सचे छिद्र एफ १६ किंवा एफ २२ इतके बारीक करून मोकळ्या आकाशाचा, फोकस मुद्दाम बिघडवून, फोटो काढला की सेन्सरवरचा कण करडा ठिपका होऊन दिसतो. रत्नागिरीचे जुलैमधले आकाश या तपासणीसाठी फारच सोयीचे, एकसारखे करडे आणि दिवसचे दिवस जागचे न हलणारे. एरवी भाट्याच्या फोटोत आकाशात काळा ठिपका दिसला की घार असेल म्हणून सोडून दिले जाते. घार सलग चाळीस फोटोंत त्याच कोपऱ्यात घिरट्या घालत असेल तर ती घार नव्हे. लेन्स काढून समोरून पाहताना या ठिपक्याची जागा कशी शोधायची तेही ठरलेले आहे: फोटोत जे वर असते ते सेन्सरवर खाली असते, डावे-उजवे मात्र जागच्या जागी राहते. हे कागदावर लिहून ठेवावे. ऐन वेळी आठवत नाही आणि मग सेन्सरचा स्वच्छ भाग फार मन लावून साफ केला जातो.

पूर्ण चौकटीचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. त्यावर २ कोटी ४० लाख बिंदू असले तर एकेक बिंदू ६ मायक्रॉनचा होतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, म्हणजे पापणीचा एक केस आत पडला तर तो अकरा-बारा बिंदूंवर आडवा झोपतो. सुदैवाने सेन्सरला थेट स्पर्श कधीच होत नाही, त्याच्यावर काचेचे आवरण असते; दुर्दैवाने चरा त्या आवरणावर पडला तरी खर्च सेन्सरएवढाच सांगितला जातो. हल्लीच्या कॅमेऱ्यांत हे आवरण अतिवेगाने थरथरवून धूळ झटकण्याची सोय असते. ऑलिंपस कंपनीने ती २००३ मध्ये ई-१ या कॅमेऱ्यात आणली आणि मग इतरांनीही उचलली. ती कोरड्या धुळीला पुरते. समुद्राच्या तुषारांचा वाळलेला डाग कितीही थरथरला तरी हलत नाही.

थरथराटाने न भागल्यास कॅमेऱ्याच्या यादीतला ‘सेन्सर क्लीनिंग’ हा पर्याय निवडावा, बॅटरी पूर्ण भरलेली असावी, कारण आरशाच्या कॅमेऱ्यात आरसा आणि शटरचा पडदा विजेवर उघडे धरलेले असतात आणि मध्येच बॅटरी संपली तर दोन्ही आतल्या वस्तूवर मिटतात. कॅमेऱ्याचे तोंड खाली, ब्लोअरचे टोक बाहेरच ठेवून पाच-सहा वेळा हवा. त्यानेही डाग राहिला तर सेन्सरच्या रुंदीचा स्वॅब, त्यावर द्रवाचे एक-दोन थेंब, एका दिशेने एकच हात, दुसऱ्या बाजूने उलट एक हात, आणि स्वॅब कचऱ्यात. स्वॅब महाग असतो म्हणून तो धुऊन वाळत घालणारे लोक आहेत. त्यांची काटकसर दाद देण्याजोगी आहे आणि त्यांचे फोटो ओळखू येतात.

पावसात नेलेल्या कॅमेऱ्याबद्दल थोडे अधिक बोलावे लागते, कारण इथे मालकाचा कंपनीवर भाबडा विश्वास असतो. ‘वेदर सील्ड’ असे खोक्यावर छापलेले वाचून माणूस निवळीच्या किंवा मार्लेश्वरच्या धबधब्याखाली कॅमेरा घेऊन उभा राहतो. बहुतेक कंपन्या किती पाणी चालेल याचा आकडाच देत नाहीत. ज्या थोड्या कॅमेऱ्यांचा देतात त्यांतला एक म्हणजे २०२२ चा ओएम-१; त्याची प्रत आयपी ५३. यातल्या ३ चा अर्थ असा, की उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत तिरक्या फवाऱ्याने कॅमेऱ्याला बाधा होत नाही. कोकणातला पाऊस अंश मोजून पडत नाही. तो वाऱ्याबरोबर आडवा येतो, कातळावर आपटून खालून वर येतो आणि छत्रीच्या आतल्या बाजूनेही पडतो. शिवाय सील बॉडीला असून लेन्सला नसेल तर पाणी माउंटच्या फटीतून शिरते, आणि केबलचे रबरी झाकण नीट बसलेले नसेल तर त्यालाही निमित्त पुरते. भिजलेला कॅमेरा टॉवेलने टिपावा, घासू नये. पाणी पूर्ण निथळल्याशिवाय एकही झाकण उघडू नये आणि झूम लेन्स आत ओढू नये. बाहेर आलेल्या नळीवरचे पाणी ती बरोबर घेऊन आत जाते.

कॅमेरा समुद्रात पडलाच तर बॅटरी ताबडतोब काढावी आणि ‘चालतोय का बघू’ हा मोह टाळावा. खारे पाणी, धातू आणि वीज एकत्र आली की आतल्या पट्ट्या झपाट्याने खाल्ल्या जातात. इथपासून पुढे काम जाणकार दुरुस्तीवाल्याचे, आणि तेही लौकर. प्रत्यक्षात कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे जाण्याआधी तांदळाच्या डब्यात जातो. शेजारच्या वहिनींच्या भाच्याचा मोबाइल तांदळात ठेवून चालू झाला होता, एवढा पुरावा पुरेसा असतो. तांदूळ बंद यंत्राच्या पोटातले पाणी ओढून घेत नाही. मोकळ्या हवेत जेवढे सुकायचे तेवढेच सुकते. त्यातून कोकणातला तांदूळ म्हणजे नुसता तांदूळ नव्हे. त्याला पोरकिडे लागू नयेत म्हणून बोरिक पावडर लावलेली असते, भुकटी असते, आणि बेगमी जुनी असेल तर पोरकिडेही असतात. दोन दिवसांनी कॅमेरा बाहेर निघतो तेव्हा पाण्याखेरीज आणखी तीन गोष्टींची तक्रार घेऊन निघतो. मीठ तर तिथल्या तिथेच असते.

ऊन दाखवणे हा दुसरा घरगुती तोडगा. मे महिन्यात अंगणात आंब्याची साटे, आमसुले, पापड आणि गाद्या उन्हात पडलेल्याच असतात, त्यांच्या शेजारी कॅमेऱ्याला जागा मिळते. बहुतेक कॅमेरे ० ते ४० अंश सेल्सिअस तापमानासाठी बनवलेले असतात आणि काळी बॉडी भर उन्हात त्याच्या फार वर जाते. लेन्सचे झाकण काढलेले असेल तर सूर्याची प्रतिमा नेमकी आतल्या पडद्यावर किंवा सेन्सरवर गोळा होते, ती तिथे भोक पाडू शकते. सावलीतली वाहती हवा पुरते.

वातानुकूलित खोली हे रत्नागिरीचे नवे संकट. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असली की दवबिंदू सुमारे २६ अंशांवर असतो. हॉटेलातल्या २२ अंशांच्या खोलीतून कॅमेरा थिबा पॉइंटवर नेला की काच, पडदा, बॉडी सगळ्यावर पाणी धरते. पाहुणा पुसतो, पुन्हा धरते, पुन्हा पुसतो, तोवर सूर्य मावळतो. खोलीतून निघण्यापूर्वी कॅमेरा घट्ट चेनच्या प्लास्टिक पिशवीत घालून बंद करावा आणि बाहेर आल्यावर तो बाहेरच्या हवेइतका गरम होईपर्यंत पिशवी उघडू नये. पाणी मग पिशवीवर धरते. यासाठी अर्धा तास लवकर निघावे लागते, आणि हॉटेलातला चहा अजून यायचा असतो.

साफ केलेला कॅमेरा पुढे कुठे राहतो यावर आधीची सगळी मेहनत अवलंबून. बुरशीला आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर, अंधार आणि कोंदट हवा मानवते. कोकणातले लाकडी कपाट या तिन्ही अटी पावसाळाभर पाळते. बुरशी लेन्सच्या काचेवर, दृश्यदर्शकात, रबरावर, कुठेही धरते आणि तिच्या आम्लाने काचेवरचा लेप कायमचा खराब होतो. चामड्याचे मूळ कव्हर प्रेमाने जपून त्यातच कॅमेरा ठेवणे सर्वांत वाईट, कारण चामडे ओल धरून ठेवते. डांबरगोळ्याही नकोत; त्यांची वाफ कॅमेऱ्याला मानवत नाही आणि उत्पादक तशी स्पष्ट ताकीद देतात. कपाटातून डांबरगोळ्या हलवाव्यात की कॅमेरा, हा वाद बहुतेक घरांत रेशमी साड्यांच्या बाजूने सुटतो.

पूर्वी किनाऱ्यावरच्या हौशी आणि धंदेवाईक फोटोग्राफरांच्या कपाटात एक बारीक पिवळा बल्ब दिवसरात्र जळत असे. त्याच्या उबेने आर्द्रता उतरे आणि कॅमेरे टिकत. एलईडी आल्यावर कित्येकांनी वीज वाचवायला म्हणून तोही बल्ब बदलला. नव्या दिव्याला ऊब जवळजवळ नाही. बुरशीला आता उजेडात वाढावे लागते इतकाच फरक पडला. विजेवर चालणारे कोरडे कपाट मिळते, ते ४० ते ५० टक्क्यांवर लावून ठेवावे. ते परवडत नसेल तर रबरी कडेचा, हवाबंद झाकणाचा प्लास्टिकचा मोठा डबा, आत आर्द्रता दाखवणारे छोटे घड्याळ आणि भरपूर सिलिका जेल. सिलिका जेल म्हणजे पाच वर्षांपूर्वीच्या बुटांच्या खोक्यातून जपून ठेवलेली पुडी नव्हे. तिने आपल्या वाट्याचे पाणी पहिल्याच आठवड्यात पिऊन घेतलेले असते. रंग बदलणारे खडे घ्यावेत, नारिंगी असताना कोरडे आणि हिरवे झाले की भिजलेले. निळ्याचे गुलाबी होणारेही मिळतात, पण त्यांत कोबाल्टचे क्षार असतात, म्हणून ते तापवून सुकवताना भाकरीचा तवा घेऊ नये. जुलैत खडे दर पंधरवड्याला सुकवावे लागतात. डबा वारंवार उघडून ‘कोरडा आहे ना’ असे पाहणाऱ्याला दर आठवड्याला.

बरेच दिवस वापर होणार नसेल तर बॅटरी काढून, अर्धवट भरलेली, वेगळी ठेवावी. महिन्यातून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढून शंभर-दीडशे फोटो काढावेत. बटणे, पडदा, लेन्सची वलये हलती राहतात. पावसाळ्यात यासाठी विषय मिळत नाही अशी तक्रार असते. पडवीत बसून समोरच्या माडाचे काढावेत.

राहता राहिली बॅग आणि पट्टा. लोक कॅमेरा निगुतीने स्वच्छ करतात आणि पुन्हा त्याच बॅगेत ठेवतात, जिच्या तळाशी वेळासला कासवांची पिल्ले पाहायला गेले तेव्हाची वाळू असते. बॅग अंगणात, घराबाहेर, उलटी करून झटकावी, आतले कप्पे वेगळे काढून ब्रश मारावा, साधन असेल तर व्हॅक्यूम फिरवावा. पट्ट्यात गळ्याचा घाम आणि समुद्राचे मीठ दोन्ही मुरलेले असते. तो काढून साबणाच्या पाण्यात धुवावा आणि पूर्ण वाळल्यावरच लावावा, जुलैत याला आठवडाही लागतो. लग्नाच्या हंगामानंतर बॅग झटकली तर अक्षता आणि हळद पडते, शिमग्यानंतर गुलाल पडतो, आणि तळाच्या शिवणीत अडकलेले लेन्सचे झाकणही बहुधा याच वेळी सापडते. त्याच्या जागी नवे घेऊन तोवर वर्ष झालेले असते.